चाकाचा मध्य

"चाक सोडलं की बोट डावीकडे जात होती," पद्माकरराव म्हणाले आणि कॉफीच्या कपात बघू लागले. परीक्षेत नापास झालो, हे त्यांनी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मांडवात, खुर्ची ओढता ओढताच सांगून टाकलं होतं. त्यावर मी "अरेरे" म्हणालो होतो, आणि मनापासून म्हणालो होतो. पण हे दुसरं वाक्य ऐकलं आणि मी हातातला चमचा खाली ठेवला. ते पुढं बोलतच होते. पाण्याची ओढ असेल असं त्यांना आधी वाटलं, म्हणून त्यांनी थोडं उजवीकडे वळवलं, ते जास्त झालं, मग परत आणलं, आणि या धांदलीत बोट बोयाला, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या पिंपाला, घासली. "पडद्यावरची बोट आणि पडद्यावरचा बोया. पण घासली म्हणजे घासली." मग स्वतःच हसले. "जाऊ दे. नापास झालेला माणूस पेपर अवघड होता असंच म्हणतो."

"सुकाणूचा काटा काय दाखवत होता?" मी विचारलं.

"काटा बंद केला होता रे. तीच तर परीक्षा होती. काटा बिघडला असं समजा आणि नुसत्या हातावर चालवा."

पद्माकरराव तोडणकर मूळचे गुहागरचे. बावीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर काढली. सिंगापूरला आमची ओळख महाराष्ट्र मंडळाच्या मागच्या एका गणपतीत झाली. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अहोजाहो करतो आणि ते मला सरळ हेमचंद्र म्हणून हाक मारतात. सेम्बावांगला तिघा खलाशांबरोबर एका खोलीत राहतात. वर्षाचे दहा महिने पाण्यावर राहायचा त्यांना आता वीट आला होता, आणि इथल्या एका कंपनीनं त्यांना बंदरातल्या टगवर कप्तान म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ढकलणारी, ओढणारी दांडगी बोट. तिच्यावर कप्तान स्वतः चाक धरतो आणि पाळी संपली की घरी जातो. घरी जातो, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. बायको नीता आणि आठवीतला मुलगा इकडे यायचे होते. मुलाच्या शाळेची चौकशी पद्माकररावांनी जूनमध्येच करून ठेवली होती. मधे फक्त आमच्या ट्रेनिंग सेंटरमधली सिम्युलेटरवरची एक परीक्षा होती.

"परीक्षा घेणारे कॅप्टन येओ म्हणाले, मशीनमध्ये दोष होता असं सेंटरनं लिहून दिलं तर पुन्हा परीक्षा घेऊ. सोमवारपर्यंत. नाहीतर कंपनी दुसरा माणूस बघणार." त्यांनी कप टेबलावर ठेवला. "मशीनचं कोण बघतं, तर तू. म्हणून म्हटलं, एकदा नजर टाकशील का? तुला त्रास नसेल तर."

"शनिवारी बघतो," मी म्हणालो. तो मंगळवार होता. बुधवारी बघायला मला कुणी अडवलं नव्हतं.

घरी जाताना बाहेर धूर होता. सुमात्रातली जंगलं जळत होती आणि त्यांचा धूर आठवडाभर इथं येऊन बसला होता. समोरच्या ब्लॉकचे वरचे मजले नुसते पुसट दिसत. लोक तोंडाला रुमाल लावून चालत होते. मला मात्र त्या धुराचं बरं वाटत होतं, कारण त्यात कुणाला कुणाचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी स्वतःला समजावत होतो की चाक डावीकडे जाण्याची दहा कारणं असू शकतात. स्प्रिंग ढिली असेल. वायर सैल असेल. माणूस घाबरला असेल. मी अशी कारणं भराभर काढू शकतो, माझा धंदाच तो आहे. सेंटरमधल्या बोटीचं चाक, वेगाचा दांडा, बटणं, म्हणजे माणसाचा हात जिथं जिथं यंत्राला लागतो ते सगळं माझ्याकडे. चाक किती वळलं हे वाचणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. पडद्यावर निळा समुद्र, ढग, लाटा करणारे हुशार लोक निराळे. ते खिडक्या उघडतात, माउस फिरवतात आणि मला म्हातारा म्हणतात, कारण मी अजून काळ्या पडद्यावर कमांड टाइप करतो. मी चौतीस वर्षांचा आहे. पण मला तो काळा पडदा आवडतो. तिथं विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि विचारलं तेवढंच सांगतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी दोन कमांड देतो. पहिलीनं चाकाचा मध्य ठरतो. पडद्यावर ओळ येते: चाक मध्यावर धरा आणि कुठलीही कळ दाबा. चाकाला स्प्रिंग आहे, सोडलं की ते आपोआप मध्यावर येतं. तरी खात्री असावी म्हणून वरच्या आऱ्याला मी पांढरी पट्टी चिकटवली आहे. कळ दाबली की तिथं चाक असेल तो मध्य, असं यंत्र धरून चालतं. मध्य कुठं आहे हे यंत्राला कळत नाही, ते आपण सांगायचं असतं. दुसऱ्या कमांडनं तपासणी होते. चाकाचा आकडा एकाखाली एक ओळींनी पडद्यावर येत राहतो. मध्यावर शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. शून्यांची रांग दिसली की मी तक्त्यावर ‘तपासलं, ठीक’ लिहून सही करतो. सहा वर्षांत असा एकही तक्ता परत आलेला नाही, आणि हे मी दर वर्षी इथल्या नोकरीचा पास वाढवायच्या वेळी साहेबाला न चुकता ऐकवतो.

पद्माकररावांच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, काय झालं होतं, हे मी मंगळवारी जिना चढताना आठवू लागलो आणि मधेच थांबलो. आठवत गेलं तसं ते स्वच्छ आठवत गेलं. गणपतीच्या आधीचा गुरुवार. दुपारी लिटिल इंडियात जाऊन मी मंडळासाठी पाच नारळ आणले होते, शेंड्या असलेले, चांगले जड. माझ्या बायकोनं, अरुणानं, सकाळीच बजावलं होतं, "पूजेचे आहेत, कुठंही टेकवू नकोस. तुमच्या त्या बुटांच्या जमिनीवर तर मुळीच नको." मी काही फार देवभोळा नाही, संध्या वगैरे कॉलेजातच सुटली. पण पूजेचा नारळ जमिनीवर ठेवायचा नाही हे हातात बसलेलं असतं, त्याला डोकं लागत नाही. खोलीतलं टेबल कीबोर्डांनी आणि वायरींनी भरलेलं. खुर्ची कुणीतरी उचलून नेलेली. मी पिशवी चाकाच्या उजव्या आऱ्याला अडकवली आणि कीबोर्डकडे वळलो. चाक मध्यावर धरा आणि कुठलीही कळ दाबा. मी दाबली. पट्टीकडे बघितलं नाही. सहा वर्षांत ती बघायची सवय कधी सुटली ते कळलंच नव्हतं. मग तपासणीची कमांड दिली. शून्य, शून्य, शून्य. पिशवी अजून लटकतच होती. मी सही केली, पिशवी काढून घेतली, दिवा मालवला आणि एमआरटीच्या गाडीत नारळ मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या बाईनं हसून जागा करून दिली होती.

आणि शुक्रवारी सकाळी पद्माकरराव त्या चाकापुढं उभे राहिले. हात सरळ धरला की बोट डावीकडे. त्यांच्या हातानं बरोबर सांगितलं होतं की मध्य इथं आहे. यंत्र म्हणत होतं, नाही. शनिवारी मंडळात ते आरतीला माझ्याशेजारीच होते. मी त्यांना प्रसादाचं खोबरं दिलं. निकाल तेव्हा लागायचा होता.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी ऑफिसात गेलो आणि त्या खोलीकडे फिरकलो नाही. परीक्षेनंतर प्रोजेक्टरचा दिवा गेल्यामुळे खोली बंदच होती, म्हणजे चाक होतं तसंच असणार. ते तसंच आहे या विचारानं मला धीर यायचा आणि धडकीही भरायची. पुढच्या महिन्यात माझा पास संपत होता. थायलंडच्या चलनाची घसरण झाल्यापासून ऑफिसात चहाच्या मशीनपाशी लोक हळू आवाजात बोलत. आमच्या मजल्यावरचे दोघे फिलिपिनो मुलगे एका सोमवारी आलेच नव्हते. चुकीच्या तक्त्यावर सही केलेला माणूस कोण ठेवून घेईल? आमची मुलगी इरा पहिलीत. तिच्या वर्गात तिच्या चित्राला पहिला नंबर मिळाला होता. मी मनात दोन घरं शेजारी शेजारी मांडत होतो, आमचं आणि त्यांचं, आणि कुणाचं उठवायचं हे ठरवायचा अधिकार मला कुणी दिला, असं स्वतःलाच विचारत होतो. उत्तर सरळ होतं. मीच घेतला होता, न विचारता.

"आज आमटीत मीठ नव्हतं," गुरुवारी जेवण झाल्यावर अरुणा म्हणाली. "मुद्दाम नाही घातलं. दोन वाट्या प्यायलास. काय झालंय?"

"ऑफिसचं."

"ऑफिसचं असलं की तू बडबडतोस. गप्प बसत नाहीस."

"अप्पा इज सॅड लाह," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्या दिवसांत मला सारखे माझे वडील आठवत होते. ते वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते, सातारा जिल्ह्यात. बाजाराच्या दिवशी कधीकधी मला सायकलवर पुढं बसवून नेत. दुकानात शिरले की माल बघत नसत, आधी रिकामा तराजू बघत. पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडला तर त्याला बोटसुद्धा लावत नसत. मला वाटायचं, काढून फेकून का देत नाहीत? ते शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावत, दाखवत, लिहून घेत, सह्या घेत, आणि मगच चिंच निघायची. तोवर दुकानदार घामाघूम. एकदा मी न राहवून चिंच नखानं उचकटली, तेव्हा त्यांनी भर बाजारात माझ्या थोबाडीत मारली. तेवढंच एकदा मारलं. परत येताना वाटेत मला उसाचा रस पाजला, पण त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं की आपण चांगलं काम केलं आणि मार खाल्ला. बरीच वर्षं तसंच वाटत राहिलं.

शनिवारी अकरा वाजता सेंटरमध्ये शुकशुकाट होता. खोली उघडली, कॉम्प्युटर लावला. पडदे काळेच ठेवले. मला समुद्र नको होता. चाकाची पांढरी पट्टी बरोबर वर, मध्यावर होती. मी तपासणीची कमांड टाइप केली आणि एंटर दाबायला थोडा वेळ लावला. मग दाबलं. उणे चौदा. उणे चौदा. उणे चौदा, उणे तेरा, उणे चौदा. ओळी खालून वर सरकत राहिल्या. चाक उजवीकडे पूर्ण फिरवून सोडलं, परत येऊन थांबलं, उणे चौदा. डावीकडून सोडलं. उणे चौदा. चौदा म्हणजे साधारण साडेतीन अंश, अरुंद खाडीत बोयाला घासायला पुरेसे. त्या पाच नारळांचं वजन यंत्रानं इतकं इमानानं लक्षात ठेवलं होतं. मला वाटलं होतं की हे दिसलं की मी कोसळेन, पण तसं काही झालं नाही. मला एक प्रकारची शांतता वाटली, रोग सापडल्यावर डॉक्टरला वाटत असेल तशी. पद्माकररावांचा हात बरोबर होता. काय करायचं तेही अगदी स्पष्ट होतं: कॅप्टन येओंना घरी फोन करायचा, या म्हणायचं, आकडा दाखवायचा.

आणि मी मध्य ठरवायची कमांड दिली.

हे कसं झालं हे मी त्यानंतर शंभर वेळा मनात फिरवून पाहिलं आहे. मी ठरवून केलं नाही, असं मी म्हणतो. चुकीचा आकडा दिसला की तो दुरुस्त करायचा, सहा वर्षं मी दुसरं काय केलं? भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की आपण बोलता बोलता सरळ करतो, तेव्हा कुठं विचार करतो? डोळे अजून उणे चौदावर होते आणि बोटांनी टाइप करून टाकलं होतं. ओळ आली: चाक मध्यावर धरा. या वेळी मी पट्टीकडे नीट बघितलं. फार काळजीनं धरलं. कळ दाबली. पुन्हा तपासणी. शून्य, शून्य, शून्य, शून्य. आणि मला आनंद झाला. तो दोन सेकंद होता, तीन असेल, पण होता, आणि निर्भेळ होता. हे मी कुणाला सांगू? मग मी फायलीची तारीख बघायला कमांड दिली. मध्य जिथं लिहून ठेवलेला असतो त्या छोट्या फायलीवर आधी परीक्षेच्या आदल्या दिवसाची तारीख असणार होती. आता आजची होती, अकरा वाजून सव्वीस मिनिटं. जुन्या आकड्यावर नवा बसला होता. आधी नक्कल करून ठेवा, मग हात लावा, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

उणे चौदा आता जगात फक्त माझ्या डोक्यात होतं.

 मग फाईल उघडली. तिच्यात एकच आकडा असतो, तो हातानं बदलता येतो. जुना आकडा परत टाइप करायचा, कॉम्प्युटरचं घड्याळ मागं न्यायचं, जतन करायचं, की सगळं गुरुवारसारखं. खरं सांगण्यासाठी मला खोटा पुरावा करावा लागणार होता. मी आकडा टाइपसुद्धा केला. कर्सर त्याच्यापुढं लुकलुकत राहिला. नारळ आणून परत अडकवून दाखवावेत, असंही मनात आलं, आणि एकट्यानंच त्या खोलीत हसू आलं, ते जरा वाईटच हसू होतं. पण या सगळ्याच्या खाली एक दुसरा विचार हळूच येऊन बसला होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. तो असा की आता पुरावा नाही. आता मी नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. बोटांना हे माझ्याआधी माहीत होतं का? मी फाईल जतन न करता बंद केली.

सोमवारी कॅप्टन येओंना द्यायच्या कागदावर मी लिहिलं: तपासणीत चाकाचा मध्य शून्य आढळला. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

रविवारी दुपारी पद्माकरराव आमच्याकडे जेवायला आले. अरुणानं अळूवडी केली होती. त्यांनी जेवताना काही विचारलं नाही. इराला गाठी मारायला शिकवत होते, टेबलावर सुतळीचा ढीग पडला होता. हात धुऊन बसल्यावर म्हणाले, "बघितलंस?"

"बघितलं."

"काय?"

"चाक बरोबर आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी कालपासून घोकलं होतं, आणि ते घोकल्यासारखं न वाटता आलं.

त्यांनी मान हलवली. चेहरा पडला नाही. उलट काहीतरी मिटल्यासारखा दिसला. त्यांनी उजवा तळहात उलटा करून बघितला, मग सुलटा. "मग माझाच हात," ते म्हणाले. "बावीस वर्षं दुसऱ्याला हुकूम देऊन चाक फिरवून घेतलं. स्वतःचा अंदाज गेला असणार. बरं झालं तू बघितलंस ते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मशीनलाच शिव्या देत बसलो असतो. आता निदान कळलं." आणि त्यांनी माझे आभार मानले. खरोखर मानले. अरुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"आता माझं एक काम कर," पद्माकरराव खिशातून फोनकार्ड काढत म्हणाले. "नीता ऐकत नाही. म्हणते, मशीनच बिघडलं असेल, तुम्ही भांडत का नाही. तू सांग तिला. तुझ्यावर तिचा विश्वास बसेल, तू त्यातला आहेस." मी काही म्हणायच्या आत त्यांनी नंबर फिरवला, दोन शब्द बोलले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. नीतावहिनींना मी कधी पाहिलेलं नाही. आवाज लांबून, खोलगट येत होता, मागं कुणीतरी अंगण झाडत होतं.

"भाऊजी, हे म्हणतात तुम्ही तपासलंत."

"हो वहिनी."

"मशीनचं मला काही कळत नाही, मी विचारत पण नाही." त्या थांबल्या. "मला एवढंच सांगा, यांचा हात खरंच गेलाय का हो? या आठवड्यात फोनवर फार निराश बोलतात. हात गेला म्हणतात, डोळे गेले म्हणतात. परत आले की धाकट्या भावाच्या होडीवरसुद्धा जाणार नाही म्हणतात. तुम्ही त्यातले आहात. तुम्हाला कळलं असेल ना?"

माझं वाक्य तयार होतं, पण ते इथं चालत नव्हतं. त्यांनी मशीनचं विचारलंच नव्हतं. समोर पद्माकरराव गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, मी काय सांगणार हे त्यांना ठाऊकच होतं, आणि ते मला धीर द्यावा तसे हळूहळू मान डोलावत होते. सांग, सांग. या प्रश्नाला आता एक साधं, सरळ खोटं लागणार होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर बोलावं लागणार होतं. मला ते जमेल असं तोवर वाटत होतं.

"नाही," मी म्हणालो. "हात गेलेला नाही. हात चांगला आहे."

पद्माकररावांची मान थांबली.

"मग हो?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, फोन ठेवू नका," मी म्हणालो, "आणि पद्माकरराव, तुम्हीही इकडे या, जवळ. दोघांना एकदमच सांगतो. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं सांगवणार नाही."